पोर नसलेली सुईण

उत्तर खरोखर ठाऊक नसताना तुम्ही शेवटचा प्रश्न कुणाला आणि कधी विचारलात? घाई करू नका, आठवा. "जेवलास का" हा धरू नका, तो नमस्कार झाला. पोराला "सात सत्ते किती" विचारलंत तोही नको, ती झडती झाली. आणि सभेत उठून पाहुण्याला विचारलात तो तर मुळीच नको. तिथे माणूस प्रश्नाचं नाव करून स्वतःचं भाषण उरकतो. मी असे पुष्कळ ऐकलेत आणि जमेल तितके बंद पाडलेत.

आमच्या आस्प्रोहोरीत एक बाई होती, तिला या तिन्हींतला एकही प्रश्न विचारता येत नसे. नाव स्मारो. धंदा सुईणीचा. स्वतःला मूल नाही. आमच्याकडे या दोन गोष्टी एका बाईत बसत नाहीत, आणि त्या कशा बसल्या ते सांगायचंय.

गाव अथेन्सपासून दूर उत्तरेला, सेरेस शहराजवळच्या सपाटीवर, तंबाखूच्या शेतांत. आमचे आजे-पणजे सरहद्दीपलीकडून हाकलले गेलेले, बैलगाड्यांतून इथे आलेले. येताना त्यांनी द्राक्षाच्या काड्या आणल्या, देवाच्या तसबिरी आणल्या आणि बाबोचा दिवस आणला. बाबो म्हणजे आमच्या बोलीत म्हातारी, आणि गावची सुईणही. जानेवारीच्या आठ तारखेला बाया तिच्या हातांवर पाणी घालतात, साबण आणि पंचा देतात, तिच्या गळ्यात सुक्या अंजिरांच्या आणि लसणीच्या माळा घालतात, छातीवर घड्याळ म्हणून एक मोठा कांदा टांगतात आणि गाडीत बसवून गावभर मिरवतात. त्या दिवशी पुरुष घरात. भांडी घासायची, पोरं सांभाळायची, खिडकीतून डोकं काढायचं नाही. रस्त्यात सापडला की त्याला ओला करायचा, मग तो पाद्री असो नाहीतर फौजदार.

ज्यांना मूल हवंय त्या बायांना बाबोच्या ओल्या हाताचा स्पर्श लागतो. म्हणून त्या हातांना किंमत. आता सांगा, ते हात वांझ बाईचे असतील तर?

स्मारो गावात आली ती मालामा बाबोची सून म्हणून. नवरा झिसीस, घोडागाडी हाकायचा, बोलायचा कमी आणि बोलला तर वाकडं. वर्षं गेली, पाळणा हलला नाही. जे करतात ते सगळं केलं. मठात जाऊन आले, कमरेला संताची फीत बांधून झाली, सेरेसचा डॉक्टर झाला. मग घरात तो विषय बंद झाला आणि गावात सुरू झाला. तंबाखूची पानं ओवताना बाया गोल करून बसतात, हाताला सुई आणि तोंडाला सुट्टी.

"स्मारो, तुझ्याकडे पाळणा आहे ना गं रिकामा? आमचे कांदे ठेवायला दे."

"दिला असता," स्मारो म्हणायची, "पण कोंब फुटले तर तुम्ही मला काय म्हणाल?"

बाया हसायच्या. तीही हसायची. तिला आत काय होत होतं ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी लिहिणार नाही.

मग मालामाच्या बोटांच्या गाठी वाकल्या. नाळ बांधता येईना. तिने सुनेला पिशवी उचलायला म्हणून बरोबर न्यायला सुरुवात केली, पुढे दोरा बांधायला, पुढे डोकं धरायला. गावाने चालवून घेतलं, कारण म्हातारी शेजारी बसलेली असायची. नाव तिचं, हात सुनेचे.

एकदा परत येताना मालामा म्हणाली, "हे बघ, कळा आल्या की मी बाईला माझं सांगते. झिसीसच्या वेळी मला अस्सं झालं होतं, थोरलीच्या वेळी तस्सं. तिला धीर येतो. तुझ्याकडे सांगायला काय आहे?"

"काही नाही."

"मग मी गेल्यावर काय करशील?"

"विचारेन."

"कुणाला?"

"जिला होतंय तिला."

म्हातारी म्हणाली, "बरं. पण नीट विचार. बायका कळांमध्येसुद्धा समोरच्याला बरं वाटेल असं बोलतात."

हेच स्मारोचं सगळं शिक्षण. ती घरात शिरली की हात धुवायची, बाळंतिणीहून खाली, बुटक्या तिवईवर बसायची आणि सुरू. कुठे दुखतंय? तिथेच, की तिथून निघून कुठे जातंय? थांबतं तेव्हा पुरतं थांबतं का? आत्ता तुला काय करावंसं वाटतंय? बाया चिडायच्या. एकीने तर उशी फेकून मारली. "अगं, मला काय विचारतेस? सुईण तू ना?"

"सुईण मी आहे," स्मारो म्हणाली. "पोट तुझं आहे."

इथे एक शब्द मध्ये आणते, कारण त्याच्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. सेरेसच्या इस्पितळात बाळंतपणाच्या दारावर पाटी आहे: मेएफ्तिकी. म्हणजे सुईणपण, सुईणीची विद्या. साधा शब्द, साबणाचा वास येणारा. पण हाच शब्द अथेन्सचे शिक्षणवाले वेगळ्याच तोऱ्यात वापरतात. त्यांच्याकडे मेएफ्तिकी म्हणजे प्रश्न विचारून शिकवणं. पढवायचं नाही, भरवायचं नाही; विचारत राहायचं, जोवर समोरच्याच्या आत असलेलं त्याच्याच तोंडून बाहेर येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं जे आहे ते तंबाखूच्या गोदामात, संपात आणि दोनदा कोठडीत शिकले, त्यामुळे शब्दाचं मूळ मला कुणी ताटात वाढलं नाही. शोधावं लागलं. सॉक्रेटिसची आई सुईण होती, असं सांगतात. फेनारेते तिचं नाव. तो म्हणायचा, मी आईचाच धंदा करतो, फक्त बायांऐवजी पुरुषांना सोडवतो आणि पोटातल्याऐवजी डोक्यातलं बाहेर काढतो. आणि म्हणायचा की मी स्वतः वांझ आहे. माझ्या पोटी शहाणपण जन्मत नाही, म्हणून तर मी विचारतो.

त्याच दमात तो हेही सांगायचा की जिला कधी मूल झालं नाही तिने सुईण होऊ नये. जे अंगावरून गेलं नाही त्याचं कसब माणसाला साधत नाही. मूल होऊन गेलेली, आता वय सरलेली बाई, तीच सुईण. स्वतः वांझ म्हणून मिरवायचं आणि वांझ बाईला उंबऱ्याबाहेर ठेवायचं. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक भिंतीवर मारलं. मग उचललं, कारण वाचनालयाचं होतं.

आमच्या गावाने कुणालाही न वाचता नेमका तोच कायदा केला होता.

पेरूसारखी पिवळी फळं, आम्ही कीदोनी म्हणतो, ती पाकात घालायच्या दिवसांत मालामा गेली. ख्रिसमसची भाकरी लावायला बाया गावभट्टीपाशी जमल्या तेव्हा एकच बोलणं होतं, जानेवारीत गाडीत कोण बसणार. जी बसेल ती बाबो, आणि जी बाबो तिलाच बाळंतपणाला बोलावणार. दुसऱ्या कुणाचं पाऊल त्या खोलीत पडायचं नाही. हे स्मारोलाही ठाऊक होतं. तिला गाडीची हौस नव्हती. तिला काम हवं होतं. काम गेलं असतं तर तिला पुन्हा सुई घेऊन तंबाखूच्या गोलात बसावं लागलं असतं, त्या पाळण्याच्या थट्टांमध्ये, मरेपर्यंत.

दुसरं नाव होतं वाईत्सा. कॉफीच्या दुकानदाराची बायको. सात मुलं, साती जिवंत, साती तिच्यासारख्या घशाची. तिने दोन बहिणींना आणि एका भाचीला सोडवलं होतं.

"वाईत्साच," भट्टीवरची म्हातारी म्हणाली. "सात वेळा गेलीय त्या वाटेने. वाट तिलाच माहीत."

"आणि स्मारोचे हात?" कुणीतरी म्हणालं. "माझे दोन तिनेच काढले."

"हात चांगले आहेत गं. नशीब कोरडं आहे. पोरीबाळींना ते हात लावायचे? उद्या माझी सून कोरडी राहिली तर तू देणार का नातू?"

स्मारो तिथेच उभी होती, डोक्यावर भाकऱ्यांची फळी घेऊन. तिने विचारलं, "भट्टीत माझी पाळी कितवी?" भाकऱ्या लावल्या आणि गेली.

त्याच आठवड्यात वाईत्साच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पोलिक्सेनी तिचं नाव, पहिलटकरीण. पुढचं मला पोलिक्सेनीनेच सांगितलंय, नंतर, अनेकदा, आणि प्रत्येक वेळी तेच. सकाळी भाकरीच्या वेळेला सुरुवात झाली. वाईत्साने सुनेला उताणी निजवलं, पायाशी बसली आणि स्वतःची सात बाळंतपणं सांगू लागली. पहिलं असं, दुसरं तसं, आता जोर लाव, मीसुद्धा इथेच लावला होता.

"सासूबाई, पोटात नाही दुखत. कंबर तुटतेय."

"कंबर कुणाची तुटत नाही? पोटातच असतं ते. लाव जोर."

"उठून बसू का?"

"उठायचं नसतं. मी उठले होते का?"

दुपार झाली. पोलिक्सेनीचे ओठ पांढरे पडले. जोर लावून लावून तिच्यात उरलं काही नाही आणि मूल जिथल्या तिथे. वाईत्साच्या सात गोष्टी संपल्या. ती पुन्हा पहिलीवर आली. तेव्हा पोलिक्सेनी म्हणाली, "स्मारोला बोलवा."

"मी मेलेय का?"

"तुम्ही नाही. मी मरेन."

वाईत्सा वाईट बाई नव्हती. तिने स्वतः जाऊन स्मारोला आणलं, पण मागच्या परसातून, कोंबड्यांच्या खुराड्याकडून, डोक्यावरून काळा रुमाल ओढून. वाटेतलं बोलणं पुढे वाईत्सानेच मला सांगितलं. म्हणाली, "हे कुणाला कळता कामा नये."

"का?"

"का काय? बाबोच्या दिवशी गाडीत मी बसणार आहे म्हणून."

"बसायची फार इच्छा आहे का तुला?"

"आहे," वाईत्सा म्हणाली. "घरात सगळ्यांना वाढते मी. एक दिवस तरी मला कुणी बसवावं."

"बरं," स्मारो म्हणाली.

आत येऊन तिने हात धुतले, तिवई ओढली. कुठे दुखतंय? मागे. पुढे काहीच नाही? फक्त मागे, हाडात. कधी कमी होतं? दोन कळांच्या मध्येही नाही. मी इथे मुठीने दाबलं तर? हो, हो, तिथेच दाब, सोडू नको. आणि मग तिचा नेहमीचा शेवटचा प्रश्न: "तुला कुणी काही सांगितलं नसतं, तर तू आत्ता कशी बसली असतीस?"

पोलिक्सेनी म्हणते, मला रडू फुटलं. सकाळपासून ते एकच मला करायचं होतं आणि कुणी करू देत नव्हतं. ती वळली, गुडघ्यांवर आली, हात जमिनीवर टेकले, डोकं हुंड्याच्या पेटीला लावलं. गाईसारखी. वाईत्सा ओरडली, "शी! हे काय माणसाचं बसणं?"

"तुला बरं वाटतंय का?" स्मारोने पोलिक्सेनीला विचारलं.

"हो."

"मग असू दे."

मूल उलट्या पाठीने बसलं होतं, त्याची पाठ आईच्या पाठीला. तशा वेळी कंबरच दुखते, आणि आई चार पायांवर आली की मुलाला वळायला जागा होते. हे मला आज इस्पितळातली कुठलीही नर्स सांगेल. स्मारोला त्याचं नाव माहीत नव्हतं. असं बाळंतपण तिने आधी पाहिलंही नव्हतं. तिने विचारलं, एवढंच. दिवे लागायच्या आत मुलगी झाली, चांगली वजनदार, आणि घशाच्या बाबतीत घराण्याला शोभेल अशी.

दुसऱ्या दिवशी वाईत्साने गावात सांगितलं, मी सोडवली माझ्या सुनेला. स्मारोने तोंड उघडलं नाही. पोलिक्सेनी सांगू शकली असती, पण आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही आणि नजर लागू नये म्हणून बाहेरचं कुणी तिच्या खोलीत जात नाही. ती आतल्या खोलीत, बंद दारामागे. मोठी सोय होती वाईत्साची.

आठ जानेवारीला सगळ्या बाया वाईत्साकडे जमलो. मी नवी लग्न झालेली, हातात साबणाची वडी. खुर्चीवर गालिचा, त्यावर वाईत्सा, गळ्यात माळा, छातीवर मुठीएवढा कांदा. द्राक्षाची दारू फिरत होती, सॉसेज फिरत होतं, पुरुषांवरची गाणी सुरू झाली होती, ती मी इथे लिहिणार नाही. बाहेर झिसीसची घोडागाडी उभी. सकाळी गाडी मागायला गेलेल्या बायांना तो दारामागून म्हणाला होता, "घोडा न्या. घोडा पुरुष आहे हे कुणी बघितलं नाही तर बरं."

एकेक बाई पुढे जाऊन वाईत्साच्या हातांवर पाणी घालत होती. पाणी चौकातल्या नळाचं, जानेवारीचं. वाईत्साची बोटं लाल झाली, मग निळी. बाया नमस्कार करायच्या, गालाला गाल लावायच्या, "सहस्रायुषी हो, बाबो" म्हणायच्या. रांगेच्या शेवटी स्मारो आली. तिने पंचा ठेवला, साबण ठेवला, तांब्या उचलला आणि थांबली.

"वाईत्सा, फार गार वाटतंय का गं?"

वाईत्साने तिच्याकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. मग जी सुरू झाली!

"गार? गार म्हणे! बोटं गळून पडायची वेळ आली! सकाळपासून अख्ख्या गावाने ओतलं, एक सटवी विचारेल तर शपथ! बाबो बाबो करून मुके घेताय, मेल्यांनो, बाबो गोठली तरी ओतत राहाल!" तिने छातीवरचा कांदा ओढला. दोरा तुटला. "घ्या हा. नाही बसायचं मला. पोलिक्सेनीला मी नाही सोडवली. मी तिला मारत होते. हिने सोडवली."

भट्टीवरची म्हातारी म्हणाली, "दारू चढलीय हिला."

"चढली असेल. पोलिक्सेनीला विचारा ना मग! आत काय मेलीय का ती?"

कुणीतरी आतल्या खोलीचं दार फटभर उघडलं. "पोलिक्सेनी! स्मारो आली होती का त्या दिवशी?"

"आली होती," आतून आवाज आला.

"मग तिने काय केलं?"

"मला विचारलं, कसं बसायचंय म्हणून."

"आणि?"

"आणि काय? बसले." मग म्हणाली, "दार लावा, मुलीला वारा लागतोय."

एवढीच साक्ष. त्यावरून सगळ्यांचं मन फिरलं असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही गावात राहिलेले नाही. भट्टीवरची म्हातारी उठली, तिच्याबरोबर तिची सून आणि आणखी पाच-सात जणी, आणि आपापले साबण उचलून घरी गेल्या. वांझेच्या हातांवर पाणी घालणार नाही म्हणाल्या. नाही घातलं. त्यांतल्या काहींनी पुढेही कधी तिला बोलावलं नाही. शेजारच्या गावातून सुईण आणली. उरलेल्या राहिल्या. वाईत्सा स्वतः आत जाऊन चुलीवरचं गरम पाणी घेऊन आली, गारात मिसळलं, आणि पहिला तांब्या तिने घातला. मग आम्ही. स्मारोने हात पुढे केले. ती गाडीत बसली. लगाम वाईत्साच्या हातात होता, आणि गावभर तिचाच आवाज.

पुढे बरीच वर्षं स्मारोने काम केलं. गावातली निम्म्याहून जास्त पोरं तिच्या हातांवर आली, माझी दोन्हीही. मग रस्ता झाला, सेरेसची गाडी सुरू झाली, त्या पाटीच्या दारातून बाया आत जाऊ लागल्या आणि तिला बोलावणं थांबलं. तिने तक्रार केली नाही. गुडघे दुखेपर्यंत तंबाखू ओवला, मग तेही सोडलं. झिसीसच्या मागे चार वर्षं जगली आणि एका मार्चमध्ये गेली.

ती गेल्यावर पंचायतीला उमाळा आला. चौकात, नळाच्या वर, संगमरवरी फळी बसवली. तिच्यावर कोरलंय: स्मारो, गावाची माता. उद्घाटनाला मी गेले आणि अध्यक्षाला सगळ्यांदेखत विचारलं की हे कुणाच्या डोक्यातून आलं.

"मावशी, मानच दिलाय की," तो म्हणाला. त्याचा जन्मही तिच्याच हातावरचा. "मूल नव्हतं बिचारीला, म्हणून आम्ही सगळे तिची मुलं, असं."

"जे नव्हतं म्हणून तिला जन्मभर टोचलंत, ते मेल्यावर तिच्या गळ्यात बांधताय होय रे?"

"तुम्ही कशावरही भांडता."

भांडते. त्याला कळलं नाही, तुम्हाला तरी कळो. ती आई नव्हती, म्हणूनच ती जे करायची ते तिला करता आलं. तिच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून समोरचीचं ऐकायला जागा होती. तिला आई करून टाकलं की भट्टीवरच्या म्हातारीचाच कायदा पुन्हा खरा ठरतो: आई असल्याशिवाय बाईला त्या खोलीत जागा नाही.

फळी अजून आहे. दोनदा अर्ज केला, एकदा छिन्नी घेऊन गेले, पकडले गेले. आता माझे हातही चालत नाहीत. तेव्हा तुम्हाला एक सांगणं. कधी आमच्या चौकात आलात, किंवा हे वाचून कुणाजवळ तिचं नाव काढलंत, तर कृपा करा, तिला आई म्हणू नका. सुईण म्हणा.